वर्गाची किल्ली कोणाकडे?

महाविद्यालयातील एखाद्या वर्गखोलीचे कुलूप व्यवस्थापनाने रातोरात बदलले, फळा पूर्वेच्या भिंतीवरून काढून पश्चिमेच्या भिंतीवर लावला, विद्यार्थ्यांनी तपासणीसाठी ठेवलेल्या वह्या उचलून अडगळीच्या खोलीत टाकल्या आणि सकाळी तासाला आलेल्या प्राध्यापकाला यातले काहीच सांगितले नाही, तर काय होईल? प्राध्यापक-कक्षात संतापाची लाट उसळेल, संघटनेचे पदाधिकारी प्राचार्यांच्या दालनात ठाण मांडतील आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमीही येईल. परंतु हाच प्रकार संगणकाच्या पडद्यावरील वर्गाच्या बाबतीत वारंवार घडतो आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढीत नाही. तेथील कुलपे बदलतात, फळे हलतात, वह्या नाहीशा होतात. प्राध्यापक मुकाट्याने नवी किल्ली शोधू लागतो आणि ती सापडेपर्यंत विद्यार्थी दाराबाहेर उभे राहतात.

काही काळापूर्वी एका तालुक्याच्या गावी पाहुणा अध्यापक म्हणून शिकविण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांची वीस गुणांची चाचणी सोमवारी सकाळी दहा वाजता महाविद्यालयाच्या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर ठेवली होती. मधल्या शनिवार-रविवारी प्रणालीची नवी आवृत्ती बसविण्यात आली. सोमवारी दहा वाजता चाचणी जागेवर सापडेना, कित्येकांना जुन्या पासवर्डने आत जाता येईना आणि ज्यांना जाता आले त्यांच्यापुढे ओळखीचा नसलेला पडदा उभा राहिला. कार्यालयात चौकशी केली तेव्हा ‘शुक्रवारी संध्याकाळी सर्वांना ई-मेल केली होती’ असे शांतपणे सांगण्यात आले. ते खरेही होते. मात्र ती ई-मेल संस्थेने दिलेल्या पत्त्यांवर गेली होती आणि पाहुण्या अध्यापकाला तसा पत्ता कोणी दिलेलाच नव्हता. दुपारी एक विद्यार्थिनी भेटली. वाडीवर मोबाइलला नीट रेंज मिळत नाही म्हणून ती पहाटेच्या एस.टी.ने गावात येऊन बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, “सर, माझे गुण जाणार का?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्या प्रकरणात खोटे कोणी बोलले नाही, हेतुपुरस्सर कुचराईही कोणी केली नाही. तरीसुद्धा एका वर्गाची चाचणी वाया गेली. यंत्र बिघडते, त्याची दुरुस्ती होते, त्यात सुधारणा होतात. हे सारे गृहीत धरूनच आपण ते वापरतो. प्रश्न आहे तो यंत्रातील बदल ज्याच्या कामावर थेट आघात करतो त्या शिक्षकाला वेळेवर, नेमकेपणाने आणि समजेल अशा भाषेत सांगण्याचा. आपल्याकडे ही बाब शिष्टाचाराची, सवड मिळाल्यास पाळावयाच्या सौजन्याची मानली जाते. वस्तुतः ती अध्यापनाची पूर्वअट आहे, आणि ती पाळली जाते की नाही यावर विद्यार्थ्यांचे गुण व शिक्षकाची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

सक्तीचे स्थलांतर

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे महाविद्यालयांची दारे बंद झाली, तेव्हा महाराष्ट्रातील बहुसंख्य प्राध्यापकांना ऑनलाइन अध्यापनाची ओळख करून घ्यावी लागली. त्यापूर्वी या प्रणाली आपल्याकडे नव्हत्या असे नाही. आयआयटी, मुंबईसारख्या संस्थांत ‘मूडल’ रुळलेली होती. संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र चित्र निराळे होते. ‘नॅक’च्या मूल्यांकनात प्राध्यापक अशा प्रणालींचा उपयोग करतात काय, याची विचारणा होऊ लागल्यावर पुष्कळ ठिकाणी ती बसविण्यात आली. पण समितीच्या भेटीच्या दिवशी दिवाणखान्यातल्या शोभेच्या फुलदाणीप्रमाणे ती पुढे आणली जाई आणि समिती परतली की पुन्हा कपाटात जाई. अशा स्थितीत, तीस-तीस वर्षे खडू आणि फळा यांवर ज्यांनी निष्ठेने शिकविले त्यांना काही आठवड्यांत पडद्यापुढे बसविण्यात आले. त्यांनी ते निभावले. ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे आणि ती पुरेशी नोंदली गेलेली नाही.

पुढे महासाथ ओसरली, वर्ग पूर्ववत भरू लागले. पण प्रणाली मात्र राहिली. किंबहुना तिचे क्षेत्र वाढतच गेले. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांन्वये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम त्या मार्गाने पूर्ण करण्यास संस्थांना मुभा दिली. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनावर भर आला. मग स्वाध्याय, चाचण्या, हजेरी, प्रकल्प आणि गुण यांची नोंद जेथे ठेवावयाची ती जागा म्हणून अनेक महाविद्यालयांनी याच प्रणालीचा आश्रय घेतला. म्हणजे जी वस्तू काल शोभेची होती ती आज महाविद्यालयाच्या इमारतीतील एक खोली झाली आहे, आणि त्या खोलीत विद्यार्थ्यांचे गुण ठेवलेले आहेत. परंतु तिच्याविषयीचा कारभार अजून फुलदाणीच्या काळातलाच आहे.

इलिनॉयमधील टिपणवही

शिक्षकांना संगणकावरील वर्गाची खबरबात कशी द्यावी, हा प्रश्न मुळीच नवा नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये ‘प्लेटो’ नावाची संगणकाधारित शिक्षणाची प्रणाली सुरू केली. आज आपण जिला ऑनलाइन अध्यापन म्हणतो त्याची अनेक मुळे तेथे सापडतात. ही प्रणाली सतत वाढत होती, बदलत होती. तीवर पाठ तयार करणाऱ्यांना आणि शिकविणाऱ्यांना अडचणी येत होत्या. त्या कळविण्यासाठी एक सामाईक दफ्तर होते. त्यात कोणीही लिहावे आणि कोणीही खोडावे अशी मोकळीक होती. परिणामी कोणी काय कळविले, कधी कळविले आणि त्याला उत्तर मिळाले काय, याचा थांग लागत नसे.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या तरुणाने त्यावर तोड काढली. त्याने ‘नोट्स’ नावाची एक टिपणवही तयार केली. तीत लिहिलेल्या प्रत्येक टिपणावर लिहिणाराची ओळख आणि दिनांक आपोआप पडे. ते टिपण दुसऱ्याला खोडता येत नसे आणि त्याच्या खालीच त्याचे उत्तर लिहिता येई. या वहीचे तीन भाग होते. एकात प्रणाली चालविणारांनी केलेल्या घोषणा, दुसऱ्यात मदतीची विचारणा आणि तिसऱ्यात सर्वसाधारण चर्चा. पुढे याच वहीतून त्या प्रणालीवर माणसांचा एक बोलता समाज उभा राहिला. संगणकावरील सामूहिक संवादाच्या इतिहासात तिला मानाचे स्थान दिले जाते, ते यामुळेच.

या हकिकतीतील मर्म असे की, ‘सांगणे’ आणि ‘ऐकणे’ या दोन क्रिया तेथे एकाच वहीत शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. वरून घोषणा आली तर तिच्या लगतच्याच पानावर शंका विचारावयास जागा होती. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. यंत्रे कल्पनेपलीकडे बदलली. पण आपल्या कित्येक महाविद्यालयांत आजही वरून येणारी सूचना एका मार्गाने येते आणि खालून जाणारी तक्रार मात्र कोणत्याही मार्गाने जात नाही. १९७३ मध्ये एका मुलाला जे सुचले ते आपल्या समित्यांना आजवर का सुचू नये?

बदल थांबत नाहीत

‘एकदा प्रणाली बसविली, एकदा सर्वांना प्रशिक्षण दिले की काम संपले’ असा एक समज व्यवस्थापनांच्या मनात खोल रुजलेला आहे. इमारतीच्या बाबतीत तो चालेल. येथे चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरात असलेल्या मूडलचेच उदाहरण घ्यावे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डोगियामास यांनी ती निर्माण केली आणि तिची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आहे, तिची घडण सर्वांसाठी खुली आहे, म्हणून सामान्य ऐपतीच्या महाविद्यालयांना ती परवडते. परंतु तिची नवी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनी निघते. सर्वसाधारण आवृत्तीच्या सुरक्षिततेची काळजी दीड वर्षापर्यंतच घेतली जाते आणि दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या निवडक आवृत्त्यांची तीन वर्षे. त्यानंतरही जुनीच आवृत्ती चालू ठेवणे म्हणजे मोडक्या कडीचे दार रात्रभर तसेच ठेवणे होय. तेव्हा बदल करणे महाविद्यालयाला भागच आहे. एप्रिल २०२२ मध्ये ४.० ही आवृत्ती आली तेव्हा पानांवरील वाटाच बदलल्या. पूर्वी चक्राच्या चिन्हाखाली सापडणाऱ्या सोयी वरच्या पट्टीवर गेल्या. संगणकतज्ज्ञाच्या दृष्टीने ही सुधारणा होती. पण ज्या प्राध्यापिकेने दोन वर्षे खपून ‘येथे दाबा, मग तेथे दाबा’ असे स्वतःच्या वहीत लिहून ठेवले होते, तिची ती वही एका दिवसात निकामी झाली.

जेथे प्रणाली महाविद्यालयाची स्वतःची नाही, तेथे तर बदलाचा निर्णयही परस्वाधीन असतो. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवणीची सोय बंद करण्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून एका संस्थेस एकूण १०० टेराबाइट अशी सामाईक मर्यादा घातली. कंपनीने वर्षाहून अधिक मुदत दिली होती, हे मान्य करावयास हवे. पण अशी सूचना जाते ती संस्थेच्या वतीने ते खाते सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे. मोठ्या विद्यापीठात शंभर टेराबाइट हा आकडा मुळीच मोठा नाही. महासाथीच्या काळात घराच्या कोपऱ्यात बसून, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या चुकवीत ज्यांनी शेकडो व्याख्याने मुद्रित केली, त्यांपैकी कितीजणांना ही मर्यादा वेळीच कळली? ज्यांना कळली त्यांनी आपले साहित्य घरी उतरवून घेतले. ज्यांना कळली नाही त्यांना ‘जागा मोकळी करा’ असा निरोप आला तो थेट शेवटच्या आठवड्यात. दोघांत फरक कर्तृत्वाचा नव्हता, माहितीचा होता.

पाठविणे आणि पोहोचणे

ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी महाविद्यालयांत नोकरी केली आहे त्यांना सूचनावही आठवत असेल. लाल कापडी पाठीची ती जाड वही काखेत मारून शिपाई वर्गावर्गांतून आणि प्राध्यापक-कक्षातून फिरत असे. प्राचार्यांची सूचना वाचावयाची, आपल्या नावापुढे सही करावयाची आणि मान हलवून पुढे शिकवू लागावयाचे. या पद्धतीला आपण पुष्कळ हसलो. पण तिच्यात एक गुण होता. सूचना ‘पाठविली’ आणि सूचना ‘पोहोचली’ यांतील अंतर ती सहीने मोजत असे. जो रजेवर होता त्याच्या नावापुढची जागा रिकामी दिसे आणि दुसऱ्या दिवशी शिपाई पुन्हा त्याच्यापुढे वही उघडून उभा राही. मुख्य लिपिकाला एका दृष्टिक्षेपात कळे की निरोप कोणाला मिळाला आणि कोणाला मिळाला नाही.

आज ई-मेल आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे समूह आहेत, संस्थेचे संकेतस्थळ आहे. साधने दसपट झाली, पण ती सही हरवली. शेकडो जणांना एका क्षणात पत्र गेले की धाडणाराचे कर्तव्य संपते आणि पुढचा सारा दोष आपोआप वाचणाराकडे जातो. समूहात वाढदिवसाच्या शुभेच्छा, सुविचार आणि कोणाच्या तरी नातवाचे छायाचित्र यांच्या गर्दीत ‘शनिवारी रात्री प्रणाली बंद राहील’ ही ओळ कोठे वाहून गेली ते कळतही नाही. शिवाय त्या ओळीची भाषा! परदेशी कंपनीच्या पत्रकातील मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलला जातो. त्यात ‘सर्व्हर मायग्रेशन’ असते, ‘डिप्रिकेटेड प्लगइन’ असते. मराठीच्या, इतिहासाच्या वा वाणिज्याच्या प्राध्यापकाला जे जाणून घ्यावयाचे असते ते मात्र त्यात नसते. त्याला एवढेच हवे असते की माझी चाचणी राहील काय, माझ्या विद्यार्थ्यांचे गुण सुरक्षित आहेत काय, आणि सोमवारी सकाळी मला काय वेगळे करावे लागेल?

मुंबईचा धडा

या उपेक्षेची किंमत किती मोठी असू शकते, हे आपण एकदा पाहिले आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने घेतला. कल्पना चुकीची नव्हती. बेरजेच्या चुका टळतील, उत्तरपत्रिकांची वाहतूक वाचेल, निकाल लवकर लागतील, असे तिचे समर्थन करता येत होते. परंतु हजारो परीक्षकांना ज्या यंत्रणेवर काम करावयाचे होते तिची पुरेशी ओळख, पुरेसा सराव आणि अडचण आल्यास दाद मागण्याची भरवशाची जागा यांची तजवीज आधी व्हावयास हवी होती. ती पुरती झाली नाही. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल रखडत राहिले, पुढील शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांचे हाल झाले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या प्रकरणाला निविदांपासून वेळापत्रकापर्यंत अनेक पदर होते, हे खरे. तथापि, शिक्षकाला शेवटी सांगावयाचे आणि सर्वांत आधी जबाबदार धरावयाचे, ही आपली जुनी सवय त्यात उघडी पडली. ती सवय आपण नंतर सोडली असे म्हणण्यास आधार दिसत नाही.

यादीबाहेरचे शिक्षक

या प्रश्नाची सर्वांत बोचरी बाजू तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची आहे. रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली न गेल्याने आपल्या अनेक महाविद्यालयांतील अध्यापनाचा भार आज याच तरुण मंडळींच्या खांद्यावर आहे. त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते आणि सत्र संपताच संपते. प्रत्येक तासाचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. परंतु संस्थेचा ई-मेल पत्ता, प्रणालीवर शिक्षक म्हणून नोंद, प्रशिक्षणाचे आमंत्रण यांपैकी काहीही त्यांना वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते. कित्येकदा ते विभागप्रमुखाच्या नावाने आणि त्याच्याच पासवर्डने आत जातात. ही गोष्ट नियमाला धरून नाही, सुरक्षिततेला धरून नाही, आणि ज्याने गुण दिले त्याचे नाव नोंदीत राहत नसल्यामुळे न्यायालाही धरून नाही. उद्या गुणांबद्दल वाद झाला तर जबाबदारी कोणाची?

सत्र संपले की त्यांचे खाते बंद होते आणि त्यांनी घडविलेले पाठ, प्रश्नसंच, टिपणे आतच राहतात. खाते अमुक दिवशी बंद होणार, तत्पूर्वी आपले साहित्य उतरवून घ्या, अशी दोन ओळींची सूचना देण्यास पैसा लागत नाही. ती दिली जात नाही, याचे कारण ती देणे हे आपले काम आहे असे कोणाला वाटतच नाही.

दुसरी बाजू

आता व्यवस्था पाहणारांचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. सर्वसाधारण महाविद्यालयात ही प्रणाली सांभाळतो कोण? संगणकशास्त्राचा एखादा तरुण अधिव्याख्याता किंवा प्रयोगशाळेतील सहायक. आपले नेमून दिलेले काम सांभाळून, रात्री-अपरात्री, बहुधा कोणत्याही मोबदल्याविना तो हे करतो. दिवसभरात त्याला चाळीस फोन येतात. त्यांतील तीस पासवर्ड विसरल्याचे असतात. तो म्हणतो की आम्ही सूचना पाठवितो पण प्राध्यापक त्या वाचत नाहीत. प्रशिक्षण ठेवतो तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. या तक्रारीत तथ्य आहे. ‘आम्हांला बुवा या संगणकातले काही कळत नाही’ हे वाक्य काही ज्येष्ठ प्राध्यापक लाजेने नव्हे, अभिमानाने उच्चारतात. ज्याच्या हाती विद्यार्थ्यांचे गुण आहेत त्याला असा अभिमान परवडणारा नाही. शिकविणाराने शिकत राहिले पाहिजे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. मग ते आपल्यालाही लागू आहे.

परंतु या दोन तक्रारी परस्परांना छेद देत नाहीत. त्या एकाच दुखण्याच्या दोन खुणा आहेत. सूचना कळत नाहीत म्हणून वाचल्या जात नाहीत आणि वाचल्या जात नाहीत म्हणून त्या चांगल्या लिहिण्याचे कष्ट कोणी घेत नाही. हे चक्र तोडण्याची जबाबदारी अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर, म्हणजे प्राचार्यांवर आणि संस्थेवर येते. एकट्या तंत्र सहायकावर ती टाकणे अन्यायाचे होईल.

काय करावयास हवे

यासाठी फार मोठा खर्च किंवा नवी समिती लागणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे प्रणालीतील बदलांना शैक्षणिक दिनदर्शिकेत स्थान हवे. परीक्षांच्या तारखा जशा सत्रारंभी जाहीर होतात तशाच प्रणाली केव्हा बंद राहील, नवी आवृत्ती केव्हा बसेल, याही तारखा जाहीर व्हाव्यात. सत्र चालू असताना, विशेषतः अंतर्गत चाचण्यांच्या आठवड्यात, आणीबाणीखेरीज कोणताही बदल होऊ नये. आपल्याकडे मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी आहे. त्यांचा उपयोग का करू नये?

दुसरी गोष्ट सूचनेच्या घडणीची. प्रत्येक सूचनेत चार प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत, एका पानात असावीत. काय बदलणार, केव्हा बदलणार, शिक्षकाला काय करावे लागेल आणि अडल्यास कोणाकडे जावे. सूचना पाठविण्यापूर्वी ती संगणकाशी संबंध नसलेल्या एखाद्या प्राध्यापकाला वाचावयास द्यावी. त्याला कळली तर ती सर्वांना कळेल. या सूचना एका ठरावीक जागी, दिनांकवार साठविलेल्या असाव्यात. त्यासाठी नवे साधन विकत घेण्याचीही गरज नाही. मूडलमध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाबरोबर घोषणांचा एक फलक आपोआप तयार होतो. त्यावर शिक्षक लिहितो आणि ते सर्व विद्यार्थ्यांना ई-मेलने जाते. इतकेच काय, लिहिणाराला चूक सुधारता यावी म्हणून ते पत्र सहसा अर्धा तास थांबवून ठेवण्याचीही सोय तीत आहे. म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्यांना कसे कळवावे याचा विचार प्रणाली घडविणारांनी इतक्या बारकाईने केला. त्याच प्रणालीत ‘प्राध्यापक-कक्ष’ नावाचा एक अभ्यासक्रम उघडून त्यात सर्व शिक्षकांची नोंद केली, तर संस्थेने शिक्षकांना कसे कळवावे हाही प्रश्न सुटतो. तेथे घोषणेच्या शेजारी शंकांचे पान ठेवावे, आणि सरावासाठी एक मोकळा वर्ग ठेवावा, जेथे चुकले तरी कोणाचे गुण जाणार नाहीत.

तिसरी गोष्ट माणसाची. प्रणाली सांभाळणाऱ्या व्यक्तीचे हे काम तिच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजे. आठवड्यातील ठरलेल्या वेळी ती प्राध्यापक-कक्षात बसावी. अनेक प्राध्यापकांना लेखी सूचनेपेक्षा शेजारी बसून दाखविलेली एक कृती अधिक उपयोगी पडते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चौथी गोष्ट तासिकेवरील अध्यापकांची. नेमणुकीच्या पत्राबरोबरच त्यांना स्वतःच्या नावाचे खाते मिळावे, आणि सत्रअखेर ते बंद करण्यापूर्वी लेखी पूर्वसूचना मिळावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, निर्णय झाल्यावर माहिती देणे पुरेसे नाही. निर्णय होण्यापूर्वी विचारणेही आवश्यक आहे. कोणती प्रणाली घ्यावी, कोणती सोडावी, कोणाशी करार करावा, याची चर्चा होते तेव्हा तेथे व्यवस्थापनाचा प्रतिनिधी असतो, कंपनीचा विक्रेता असतो. रोज शिकविणारा प्राध्यापक आणि गुणांचे तक्ते भरणारा लिपिक बहुधा नसतो. ज्याला जोडा घालावयाचा आहे त्याचे पाऊल न मोजता जोडा विकत आणण्याचा हा प्रकार आहे. मग तो चावू लागला की पावलालाच दोष द्यावयाचा!

उत्तराची जबाबदारी

काहीजण म्हणतील, महाविद्यालयांपुढे रिक्त पदांचे, अनुदानाचे, घटत्या उपस्थितीचे प्रश्न आ वासून उभे असताना सूचनापत्रांसारख्या किरकोळ बाबीवर एवढी शाई कशासाठी? त्याला उत्तर असे की, रिक्त पदे भरणे महाविद्यालयाच्या हाती नाही, अनुदान त्याच्या हाती नाही. पण आपल्याच शिक्षकाला आपल्याच वर्गात काय चालले आहे हे सांगणे पूर्णपणे त्याच्या हाती आहे. जे हाती आहे तेही न करणाऱ्या संस्थेने जे हाती नाही त्याबद्दल गाऱ्हाणे गावे, हे शोभत नाही.

शिवाय विद्यार्थी प्रश्न विचारतो तो शिक्षकाला. प्रणाली कोणी बसविली, करार कोणी केला, शुक्रवारची ई-मेल कोणी धाडली हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. वर्गात जो उभा आहे त्याला सारे माहीत असणार, हा त्याचा विश्वास असतो. शिक्षक-विद्यार्थी नात्यात आज जो काही विश्वास उरला आहे तो अशा लहानलहान उत्तरांवर उभा आहे. त्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आलेल्या त्या मुलीला, ‘काळजी करू नकोस, बदलाची पूर्वकल्पना होती, चाचणी गुरुवारी पुन्हा ठेवली आहे’ असे सांगता आले असते तर ती निश्चिंत मनाने घरी गेली असती. ते सांगण्यासाठी प्रगत यंत्राची आवश्यकता नव्हती. कोणी तरी मला आधी सांगावयास हवे होते, एवढेच.